वाचकांचे प्रश्न : खिशातला डॅक की टेबलावरचा?

प्रश्न : फोनला लावायचा डोंगल डॅक वापरतो. हेडफोन ३०० ओहमचा, सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या ताकदीत किती आवाज) १ मिलिवॉटला ९७ डेसिबल. टेबलावरचा मोठा डॅक घेतला तर आवाज सुधारेल का?

उत्तर : यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. गाण्याच्या फाइलमधल्या आकड्यांचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करणं हे डॅकचं (डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टरचं) काम. हेडफोन चालवणं हे त्याच डबीत बसवलेल्या ॲम्प्लिफायरचं. रूपांतरापुरतं बोलायचं तर चांगला डोंगल आणि टेबलावरचा डॅक यांत कानाला कळेल असं अंतर आता उरलेलं नाही. बऱ्याचदा दोन्हींत चिपही एकाच घराण्याची असते. फरक पडतो तो ताकदीत, आणि ती कागदावर मोजता येते.

डोंगलच्या माहितीपत्रकात आउटपुट व्होल्टेज शोधा. साधे डोंगल १ व्होल्ट देतात, बरे २ व्होल्ट, बॅलन्स्ड जोडणीवाले (डाव्या-उजव्या बाजूला स्वतंत्र पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह तारा देणारे) ४ व्होल्टपर्यंत. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॉट. तुमच्या हेडफोनला २ व्होल्टमध्ये सुमारे १३ मिलिवॉट मिळतात. ताकद दहापट झाली की १० डेसिबल वाढतात, दुप्पट झाली की ३. म्हणजे जास्तीत जास्त १०८ डेसिबल. सरासरी ८० डेसिबलला ऐकलं आणि संगीतातले चढ त्याच्या २० डेसिबल वर गेले, तरी १०० लागतात. २ व्होल्ट पुरून उरतात. १ व्होल्टवर कमाल १०२. तेही भागतं, पण इक्वलायझर लावून आवाज ६ डेसिबल खाली आणलात की तोकडं पडतं.

आता दुसरं टोक पाहा. ५० ओहमचा, १ मिलिवॉटला ८४ डेसिबलच देणारा प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याचा) हेडफोन. ओहम कमी म्हणून सोपा वाटतो, आणि इथेच बरेच जण फसतात. ११० डेसिबल गाठायला त्याला ४०० मिलिवॉट हवेत, म्हणजे साडेचार व्होल्ट आणि जवळजवळ ९० मिलिअँपियर. २ व्होल्टचा डोंगल ८० मिलिवॉटवर, म्हणजे १०३ डेसिबलला थांबतो. करंट कमी पडला तर त्याआधीच तबल्याचे, ड्रमचे ठोके फाटायला लागतात. अशा हेडफोनसाठी टेबलावरचा ॲम्प घ्या. तुमच्यासाठी नको.

प्रश्न : टेबलावरच्या डॅक-ॲम्पला इन-इअर (कानात घालायचे इअरफोन) जोडले की गाणं बंद असतानाही ‘सूं’ ऐकू येतं. आवाज अगदी कमी ठेवला की डावी बाजू मोठी वाटते. बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड नाही, जोडी चुकली आहे. जड हेडफोनसाठी बनवलेल्या ॲम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण) जास्त असतो, आणि संवेदनशील इन-इअर त्याचा मूळचा गोंगाटही ऐकवतात. गेनचा स्विच असेल तर ‘लो’वर ठेवा. डावी-उजवी बाजू बिघडते ती आवाजाच्या नॉबमागच्या पोटेन्शिओमीटरमुळे : सुरुवातीच्या थोड्या फेरीत त्याचे डाव्या-उजव्या बाजूचे दोन ट्रॅक एकसारखे नसतात. संगणकावरच्या प्लेअरमध्ये आवाज १२ ते १५ डेसिबल कमी करा आणि नॉब तेवढा वर न्या. आउटपुट २४ बिट ठेवलं तर यात काही गमावत नाही. ‘सूं’ मात्र या उपायाने जाणार नाही, कारण ती नॉबच्या नंतरच्या टप्प्यात तयार होते.

आउटपुट इम्पिडन्सही (ॲम्पचा स्वतःचा, ओहममध्ये मोजलेला अडथळा) तपासा. अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इन-इअरचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो. समजा एका जागी तो ३० ओहम आहे आणि दुसऱ्या जागी ६. ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असेल तर त्या दोन जागांमध्ये ६ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे इन-इअरचा स्वभावच बदलतो. १ ओहमवर हाच फरक १ डेसिबल. इन-इअरसाठी डोंगल हीच सरस निवड. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : लॅपटॉप, छोटा यूएसबी डॅक आणि ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेले) स्पीकर अशी जोडणी आहे. सतत घरघर येते.

उत्तर : लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर तो ग्राउंड लूप : चार्जर आणि स्पीकर दोन्हींची अर्थिंग यूएसबी व ऑडिओ केबलमधून एकमेकांना भिडते. आधी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तेवढ्याने भागलं नाही तर यूएसबी आयसोलेटर (यूएसबीतला विजेचा थेट संबंध तोडणारी डबी) घ्या, पण त्याचा वेग पाहून : १२ मेगाबिटवाले स्वस्त आयसोलेटर ९६ किलोहर्ट्झच्या पुढे जात नाहीत आणि काही डॅक त्यांच्यावर ओळखलेच जात नाहीत. ४८० मेगाबिटवाला निवडा. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका.

इथे टेबलावरच्या डॅकचा खरा फायदा दिसतो. ऑप्टिकल इनपुट असेल तर संगणकाशी विजेचा संबंधच राहत नाही. एक्सएलआर (तीन पिनांचं, बॅलन्स्ड) आउटपुट असेल आणि स्पीकरलाही तसं इनपुट असेल तर घरघर बहुधा तिथेच संपते.

एक सावधगिरी : डोंगलच्या ४.४ मिमी बॅलन्स्ड जॅकमधून साध्या ॲडॉप्टरने आरसीए (स्पीकरची साधी, बॅलन्स्ड नसलेली जोडणी) काढू नका. दोन्ही बाजूंच्या निगेटिव्ह तारा ग्राउंडला शॉर्ट होतात आणि आतला ॲम्प जळू शकतो. स्पीकरसाठी ३.५ मिमी जॅकच वापरा.

प्रश्न : एका डॅकवर सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ३८४ किलोहर्ट्झ, दुसऱ्यावर ७६८. कोणता घ्यावा?

उत्तर : त्या आकड्यावरून कोणताच नको. ४४.१ किलोहर्ट्झमध्येच २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाचा कान २० च्या आसपास संपतो.

प्रश्न : घरी दोन डॅकची तुलना कशी करावी?

उत्तर : आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय करू नये. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला ‘जास्त मोकळा’ वाटतो, आणि निम्म्या चर्चा तिथेच उगवतात. १०० हर्ट्झचा टोन वाजवा, हेडफोन जोडलेलाच ठेवून आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. (१ किलोहर्ट्झचा टोन टाळा, बरेच स्वस्त मीटर तिथे चुकीचं दाखवतात.) दोन आकड्यांत १ टक्क्याहून जास्त तफावत नको, तो सुमारे ०.१ डेसिबल होतो. मग दुसऱ्या कोणाला तरी डॅक बदलायला सांगा, कोणता लावला ते न सांगता. १६ पैकी किमान १२ वेळा बरोबर ओळखलं तर फरक ऐकू येतो असं धरा. ८-९ वेळा म्हणजे नाणेफेक.