आलेखात एकच पायरी दिसली म्हणून?

साताऱ्याच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बी.एस्सी. बायोटेकच्या तिसऱ्या वर्षाला. उन्हाळ्यात तिने तीनपेडी डीएनएवर, म्हणजे नेहमीच्या दोन पेडांवर तिसरा बसवलेल्या डीएनएवर, प्रोजेक्ट केला. डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी एक बदललं तर तिसरा पेड बसेना. ‘दोन महिने फुकट गेले. आम्ही ठरवलंय, आता हे बास. नीट पुन्हा द्यायला लावू की एमपीएससी, एवढंच सांगा.’

साहेब, पत्रभर ‘आम्ही, आम्ही’ आहे, मुलीचं म्हणणं एका ओळीतही नाही. नीट दोनदा देऊन झाली, रडून झालं, हेही तुम्हीच लिहिता. मग तिसऱ्यांदा कोणासाठी? शेजारी विचारतात म्हणून?

आणि प्रयोग फसला, हे कोणी सांगितलं? तिसरा पेड वेणीसारखा गुंफला जात नाही. दोन पेडांच्या पिळाला जी रुंद खाच असते, तिच्यात तो बसतो आणि एकाच पेडातल्या ए आणि जी या अक्षरांना धरतो. म्हणून त्या पेडात ए-जी सलग लागतात. मध्येच टी किंवा सी आला की पकड सुटते. टोकाला आला तर थोडंफार निभावतं. तुमच्या मुलीने बदल नेमका मधोमध केला. तुम्ही जोडलेला आलेख बघा: मूळ नमुना तापवताना रेघ दोन पायऱ्यांनी चढते, आधी तिसरा पेड सुटतो, मग उरलेले दोन. बदललेल्या नमुन्यात एकच पायरी. म्हणजे तिसरा पेड बसलाच नव्हता. हेच तर तिला शोधायचं होतं! फ्रीडरिक अटॅक्सिया या चालणं आणि तोल बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजारात जीएए ही तीन अक्षरं एका जनुकात शेकडो वेळा येतात (निरोगी माणसात साधारण तीसच्या आत), तिथे असा तिसरा पेड तयार होऊन जनुकाचं काम अडतं, असं मानतात. त्या रांगेत वेगळी अक्षरं मिसळली की तो नीट जमत नाही. म्हणजे मुलीचा प्रश्न पोरखेळ नव्हता.

एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम, गॅट-बी या प्रवेश परीक्षा आहेत. माहिती तिला माझ्यापेक्षा जास्त असेल. संशोधनात पगार उशिरा सुरू होतो, हे मी लपवणार नाही. एमपीएससी तिला स्वतःला हवी असेल तर खुशाल द्यावी. पण ते तिने लिहावं, मी तिला उत्तर देईन.

आणि तो आलेख तिला परत करा. मागे पेन्सिलीने तिची आकडेमोड आहे, ती तिला लागेल.