फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत (शर्यतीत कोण कुठल्या क्रमांकावरून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीत) ड्रायव्हर मुद्दाम चूक करतो का, आणि ते ओळखतात कसं?

करतात, पण सिद्ध होणं दुर्मीळ.

आधी फायदा काय ते बघा. गिरगावातल्या एखाद्या वाडीच्या तोंडाशी टेम्पो आडवा लागला की मागचे सगळे अडकतात. मोनॅकोच्या शर्यतीचंही तसंच आहे. जेमतेम ३.३३७ किलोमीटरचा अरुंद ट्रॅक, रविवारच्या शर्यतीत पुढे जायला जागाच नाही, म्हणून शनिवारच्या पात्रता फेरीतला पहिला क्रमांक सोन्याचा. तुमची वेळ आधीच सर्वोत्तम असेल आणि शेवटच्या मिनिटाला तुमच्यामुळे पिवळा (धोक्याचा) झेंडा लागला, तर मागच्यांना वेग कमी करावाच लागतो.

२००६ साली शूमाकरने नेमकं हेच केलं, मोनॅकोच्याच रास्कास वळणावर. ब्रेक मारताना चाक लॉक (जाम) झालं म्हणाला. पण पंचांनी टेलिमेट्री, म्हणजे गाडीतल्या सेन्सरची नोंद, काढली. ब्रेक किती दाबला, स्टिअरिंग किती वळवलं, हे सगळं त्याच्याच आधीच्या फेऱ्यांशी (लॅपशी) ताडून बघता येतं. खुलासा पटला नाही, वेळा रद्द, सगळ्यांत मागून सुरुवात. तरी पठ्ठ्या पाचवा आला!

२०१४ मध्ये तिथेच रोझबर्ग मिराबो वळणावर एस्केप रोडमध्ये (चुकलेल्या गाडीसाठीच्या बाजूच्या रस्त्यात) शिरला, मागून येणाऱ्या हॅमिल्टनची फेरी वाया गेली. पंचांनी डेटा पाहून रोझबर्गला निर्दोष ठरवलं. माझा संशय मात्र अजून गेलेला नाही.

खरी मेख हेतूची आहे. डेटात पाय दिसतो, मन नाही. त्यामुळे मला इंडीकार या अमेरिकन शर्यत-मालिकेचा नियम जास्त पटतो: तुमच्यामुळे लाल झेंडा लागून सगळं थांबलं की तुमच्या सर्वांत वेगवान फेऱ्या रद्द, मुद्दाम असो वा नसो.