फरक पडतो, दोन्हीकडून

प्रश्न: पंचवटीतला आमचा जुना वाडा पाडून बिल्डिंग होतेय, फ्लॅट मिळणार म्हणून बरं वाटतं आणि वाड्याकडे बघवतही नाही. मुलगी म्हणते, आई तू ‘अँबिव्हॅलंट’ आहेस. म्हणजे मला काही फरकच पडत नाही असं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अहो ताई, उलट! फरक न पडणं म्हणजे बेफिकिरी, इथे तर दोन्ही बाजूंनी पडतोय, तोही एकाच वेळी. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास हा शब्द आणला. मराठीत ‘द्विधा’ म्हणतात, पण त्यात निर्णय अडकलेला असतो, सही करू की नको टाइप. सही झालीय आणि तरी तो लाकडी जिना बघून पोटात कालवाकालव होतेय तर ‘संमिश्र भावना’ म्हणा, जरा पेपरछाप वाटतं खरं. मला ‘घालमेल’ आवडतो, फक्त त्यात आनंद कमी पडतो.