जर्मनीत सिनॅप्सवर पीएचडी करायची तर कुठली लॅब घ्यावी

एमएस्सी संपतंय, अल्झायमरवर पीएचडीला जर्मनीत यायचंय आणि दोन लॅबचा होकार आलाय म्हणतोस, एक मोठ्या नावाची अमायलॉइडवाली (अल्झायमरमधे मेंदूत साठणारं प्रोटीन), दुसरी छोटी सिनॅप्सवाली (दोन चेतापेशींमधला जोड), तर कुठली घेऊ. मी इथे सिनॅप्सवरच काम करतो, तेव्हा मत एकतर्फी आहे हे धरूनच वाच, पण मी दुसरी घेईन.

अल्झायमरमधे स्मरणशक्ती किती घसरली याचा मेळ प्लाकपेक्षा (म्हणजे अमायलॉइडच्या गुठळ्या) सिनॅप्स किती गेले याच्याशी जास्त बसतो, हे १९९१ पासून माहितीये. मेंदूत प्लाक भरपूर आणि माणूस ठणठणीत, असंही सापडतं. २०१६ला उंदरांत दिसलं की प्लाक साठायच्या आधीच मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) सिनॅप्स गिळायला लागतात, आणि वाढत्या मेंदूत जादाची कनेक्शन्स छाटणारी सी१क्यू, सी३ ही प्रोटीन्सच तिथे पुन्हा कामाला लागलेली असतात. पार्किन्सनमधलं अल्फा-सिन्युक्लिन हे प्रोटीनसुद्धा मुळात सिनॅप्सच्या संदेश पाठवणाऱ्या टोकातलंच. म्हणजे सिनॅप्स मोजता यायला लागला की उद्या आजार बदलला तरी तुझं अडत नाही. अमायलॉइड अगदीच फालतू आहे असं नाही हां, लेकानेमॅब या औषधाने ते साफ होतं आणि घसरण जरा मंदावते, पण थांबत नाही, म्हणून तर प्रश्न उरलाय.

आता कष्टाचं. सिनॅप्स मोजायला पॅच क्लॅम्प लागतं, म्हणजे पेशीतला विजेचा प्रवाह मोजायचं तंत्र. ते ग्योटिंगेनमधे नेहर आणि झाकमानने काढलं, १९९१चं नोबेल त्याच्या जोरावरच, पण अजूनही ते हातानेच शिकावं लागतं. मेंदूची ३०० मायक्रोमीटरची चकती कापायची, ऑक्सिजन सोडलेल्या द्रावणात ठेवायची, मग मायक्रोमीटरभर टोकाची काचेची पिपेट पेशीला टेकवून हलकेच ओढ द्यायची, गिगाओमचा सील (काच पेशीला घट्ट चिकटणं) लागला तर लागला. चकती काही तासच चांगली राहते त्यामुळे एकदा पेशी मिळायला लागल्या की जागेवरून उठवत नाही. सुरुवातीचे महिने तर हाती काहीच येत नाही, शेजारी शिकवणारं कोणी नसेल तर माणूस वैतागतो.

म्हणून होकार कळवायच्या आधी विचार की तुझा प्रोजेक्ट लॅबच्या आधीच्या अ‍ॅनिमल परवानगीत बसतो का. इथे ती राज्य सरकारच्या कार्यालयाकडून घ्यावी लागते, नवीन काढायची तर महिने जातात, आणि पीएचडीचं काँट्रॅक्ट बहुतेक तीनच वर्षांचं. हे बॉसला विचारच पण तिथल्या पीएचडीवाल्यांना वेगळं गाठून पण विचार, उत्तरं जुळतायत का बघ. भाषेचं म्हणशील तर लॅबमधे इंग्रजी चालतं, ऑफिसात आणि अ‍ॅनिमल हाउसमधे जर्मन लागतं, थोडं शिकूनच ये.

आणि मोठ्या लॅबमधे रिग (पॅच क्लॅम्पची मांडणी) असेल, शिकवणारा पोस्टडॉक (पीएचडी झालेला संशोधक) अजून वर्षभर तरी तिथे असणार असेल, तर मग बिनधास्त तीच घे, माझी हरकत नाही.