वाचक विचारतात: खरा पुढारी ओळखायचा कसा?

प्रश्न: निवडणूक आली की आमच्या गावात सगळेच पुढारी चांगले वाटतात. ओळखायची काही पक्की खूण आहे का? (एक वाचक, गेवराई तालुका)

उत्तर: आहे, पण ती भाषणात सापडायची नाही. ग्रामपंचायतीत जा आणि ग्रामसभेचं इतिवृत्त मागा. वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी संख्या पुरते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. गोम इथंच आहे. दवंडी नीट द्यायचीच नाही, सभा पडू द्यायची आणि पुढच्या सभेत पारावरच्या दहा-बारा जणांत हवे ते ठराव उरकायचे. म्हणून सह्या-अंगठे मोजा. दर वेळी तहकूब सभाच दिसत असेल, तर सरपंचाला लोक नकोच आहेत असं समजा.

दुसरी खूण पाण्याची. टँकर आणणारा लगेच दिसतो, नाला खोल करणारा दिसायला पावसाळा यावा लागतो. मोठ्या पातळीवरही तेच. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 ला, उद्घाटन 1976 ला. पुढे मुख्यमंत्री झालेल्या शंकरराव चव्हाणांनी त्याचा पाठपुरावा केला, तेव्हा पैठणच्या आसपास जमिनी बुडणाऱ्यांचा रोष समोर होता आणि फायदा मात्र पुढच्या पिढीचा. रोष अंगावर घेऊन पुनर्वसनाचा हिशेब मांडतो, त्यालाच मुत्सद्दी म्हणावं. नुसतं नारळ फोडणारे काय, ढिगानं मिळतात.