मराठी माध्यमातल्या मुलाला वाक्याच्या सुरुवातीचं कॅपिटल अक्षर कसं शिकवावं?

मुलगा दुसरीत आहे आणि इंग्रजी वाक्य छोट्या अक्षरानेच सुरू करतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यात त्याची फारशी चूक नाही. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर हा प्रकारच नाही. 'क' कुठेही आला तरी 'क'च.

खरी अडचण बहुतेकदा पूर्णविरामाची असते. वाक्य कुठे संपलं हेच कळलं नाही, तर पुढचं कुठे सुरू झालं ते कसं कळणार? म्हणून आधी त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. जिथे थांबेल तिथे टिंब, आणि टिंबानंतर मोठं अक्षर. चाररेघी वहीत हे छान दिसतं: छोटा 'ए' मधल्या घरात बसतो, मोठा 'ए' थेट वरच्या रेघेला टेकतो. आठवडाभर पहिलं अक्षर हिरव्या पेन्सिलीने लिहू द्या.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. काही मुलं वाक्याऐवजी प्रत्येक नव्या ओळीला कॅपिटल देतात. आणि 'बी'-'डी'चा गोंधळ टाळायला शब्दाच्या मधेच मोठा 'बी' घुसवतात (माझ्या भाचीचं हे वर्षभर चाललं होतं). लाल शाईने वही रंगवू नका. "यातलं एक अक्षर चुकलंय, शोध" एवढंच म्हणा.