आठवीत विषय कुणी निवडायचा?

मे-जून आला की सांगलीतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात एकच प्रश्न फिरून फिरून येतो. ‘मॅडम, पोराला विषय निवडू द्यायचा का? त्याला काय कळतंय?’ कुणाचं मूल आठवीत जाणार असतं, कुणाचं अकरावीत. अलीकडे दुसऱ्या टोकाचे पालकही भेटतात. 1921 साली जर्मनीत सुरू होऊन पुढे इंग्लंडमध्ये हललेल्या समरहिल शाळेत तासाला बसायचं की नाही हे मूलच ठरवतं, हे त्यांनी वाचलेलं असतं. आपल्या 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत नको म्हटलंय, मग आपण का अडवायचं, असं ते विचारतात. दोघांनाही मी ओंकारची हकिगत सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

ओंकारचं घर तासगाव भागातलं, बेदाण्याचं शेड असलेलं. आठवीत संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत की 50-50 गुणांचं संयुक्त, हे ठरवायचं होतं. पप्पांचा हिशोब पक्का होता. ‘संस्कृतला मार्क पडतात मॅडम. दहावीला जास्त मार्कांचे पाच विषय धरतात ना, त्या बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये तेच कामाला येतं. हा ऐकायलाच तयार नाही. आज संस्कृत नको म्हणतोय, उद्या गणित नको म्हणेल.’ मम्मी हळूच म्हणाल्या, ‘त्याच्या ताईला दहावीला संस्कृतमध्ये 98 होते.’

ओंकारशी एकट्याने बोलले.

‘हिंदी आवडतं?’

‘नाही.’

‘मग संस्कृत अवघड वाटतं?’

‘सातवीत नव्हतंच. मला काय माहीत?’

जो विषय त्याने अजून उघडूनही पाहिला नव्हता, त्याला तो इतक्या ठामपणे नको म्हणत होता. मी विषय सोडून दिला आणि शेडबद्दल विचारलं. मग गडी खुलला. द्राक्षं द्रावणात कशी बुडवतात, जाळीवर कशी पसरतात, चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा कसा होतो, पाऊस आला की सगळ्यांची कशी धांदल उडते, सगळं भरभरून सांगितलं. ‘ताई येते का शेडवर?’ असं विचारलं तर पहिल्यांदाच हसला. ‘तिला त्यातलं काही कळत नाही.’

पुढच्या एका भेटीत मी विचारलं, ‘समजा, ताईने संस्कृत घेतलंच नसतं तर?’

दप्तराच्या चेनशी त्याचा चाळा चालला होता, तो थांबला. बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायला शिकावं लागतं. मग म्हणाला, ‘मग बघितलं असतं मी.’ आणि थोड्या वेळाने, खाली बघतच, ‘आता मला 95 पडले तरी म्हणणार, तीन कमी पडले.’

त्या एका वाक्यात सगळं होतं. त्याचं भांडण संस्कृतशी नव्हतंच. ज्या तराजूत तो कायम हलकाच ठरणार होता, त्यात बसायला तो नकार देत होता. मुलाच्या हट्टामागे बहुधा असं काहीतरी शहाणपण असतं, हे मला या कामानेच शिकवलं. मूल नको म्हणतं तेव्हा विषय नको असतो, की शिक्षक, की वर्गातली चेष्टा, की घरातली तुलना, हे आधी शोधायचं. त्याआधी दिलेला होकार आणि त्याआधी दिलेला नकार, दोन्ही अंधारातच दिलेले असतात.

विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांच्या अंगाने मी काम करते. ओंकारने मनाशी ठरवून टाकलं होतं की ताईएवढे मार्क पडलेच पाहिजेत, नाहीतर मी कशातच नाही. पप्पांचंही तसंच होतं, त्याने संस्कृत घेतलंच पाहिजे, नाहीतर तो वाया गेला. दोघांचीही इच्छा रास्तच होती, पण तिचा हुकूम झाला होता. मम्मी म्हणाल्या, ‘आम्ही तर तिचं कौतुकच करत होतो.’ मी म्हटलं, जरूर करा, पण त्याच्या मार्कांची चर्चा चालू असताना नको. त्यांनी हे खरोखर पाळलं, आणि ते सोपं नव्हतं.

मग ई-बालभारतीवरून आठवीची पुस्तकं उतरवून घेतली. दोन्ही भाषांचे दोन-दोन पाठ ओंकारने वाचले, नववीतल्या मुलांना विचारलं. आणि संयुक्त निवडलं. ‘श्लोक पाठ होतायत, आणि हिंदीत निबंध लिहायला बरं वाटतं,’ हे त्याचं कारण. पप्पा थोडे हिरमुसले. मला मात्र ते कारण फार मोलाचं वाटलं, कारण त्यात ताई कुठेच नव्हती.

आता ‘उद्या गणित नको म्हणेल’ या भीतीबद्दल. दहावीपर्यंत गणित, विज्ञान सगळ्यांनाच आहे आणि ते असावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. तेरा वर्षांच्या मुलाला कशाची गोडी लागेल हे त्यालाही चाखल्याशिवाय कळत नाही. पण अभ्यास आधी कशाचा, प्रकल्प कशावर, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचं की तबला लावायचा, हे त्याला ठरवू द्या. आणि ठरवलं की निदान वर्षभर निभवायला लावा. आठवीपर्यंत ज्याने शर्टाचा रंगसुद्धा स्वतः निवडला नाही, त्याला दहावीच्या निकालानंतर ‘सांग बाबा, काय करायचं?’ म्हणून विचारणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

अकरावीचं वेगळं. सायन्स करून बारावीनंतर आर्ट्सला जाता येतं, उलट येणं जवळपास अशक्य. गणित सोडलं की इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखा हातच्या जातात. जिथून मागे फिरता येतं तिथे मुलाचा शब्द शेवटचा असू द्या. जिथून फिरता येत नाही तिथे सगळ्यांनी एकत्र बसा, पण कोणता रस्ता कुठे बंद होतो हे त्याला आकड्यांसकट दाखवा, दमात घेऊ नका.

आणि आठवीचा अर्ज भरण्याआधी शाळेच्या कार्यालयात एवढं विचारून घ्या, की निवडलेली भाषा बदलून मिळते का, आणि कोणत्या तारखेपर्यंत. ते उत्तर मुलालाही सांगा.